सुरी कोणाच्या हातात आहे?

मार्च २०२५ मध्ये कानपूरला केशरोपणानंतर एका अभियंत्याचा जीव गेला. हे काम करणारी डॉक्टर दंतवैद्यक होती अशा बातम्या आल्या, आणि तेव्हापासून आपल्याकडे गोव्यातही हा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेनेच जाते. डेंटिस्टने डोक्याला हात लावावा का? त्वचारोगतज्ज्ञ चालेल की प्लास्टिक सर्जनच हवा? फोंड्यात, म्हापशात, डिचोलीत याबद्दल प्रत्येकाचं मत तयार आहे. समोरची बाजूही तितकीच ठाम: केस लावायला कसली आली पदवी, हात बसलेला माणूस हवा. आणि एक तिसरी बाजू म्हणते की टक्कल म्हणजे काही आजार नव्हे, असल्या हौसेपायी जीव धोक्यात घालणाऱ्यांची काळजी सरकारने कशाला वाहायची? तिन्ही बाजू तावातावाने बोलतात. ज्या मुलाने पुढच्या आठवड्यात पैसे भरायचं ठरवलं आहे, त्याच्या हाती यातून काहीच लागत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पदवी ही दारातली अट आहे. ती नसेल तर आत पाऊलच टाकू नये. पण खरे प्रश्न दार ओलांडल्यावर सुरू होतात. त्या सहा-आठ तासांत डोक्यावर प्रत्यक्ष हात कोणाचा चालणार? ‘तुझ्यावर मी ही शस्त्रक्रिया करणार नाही’ असं सांगण्याइतकं ज्ञान आणि तेवढी मोकळीक कोणाकडे आहे? आणि वर्षभराने मागचे केस विरळ झालेले, पुढचे न उगवलेले दिसले, तर जाब कोणाला विचारायचा? आज लोक क्लिनिक निवडतात, पॅकेज निवडतात, जाहिरातीतला चेहरा निवडतात. सर्जन क्वचितच कोणी निवडतो, कारण पैसे भरेपर्यंत त्याचं नावच अनेकदा समोर येत नाही. वाद घालायचाच असेल तर या न दिसणाऱ्या नावावर घालायला हवा.

हौसेचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो सर्वांत सोपा आणि सर्वांत निर्दयी आहे. विशी-पंचविशीत उशीवर केसांचे पुंजके ज्यांनी पाहिलेले नाहीत, त्यांना हे हसण्यावारी नेता येतं. लग्नाची बोलणी चालू असलेला मुलगा, हॉटेलच्या स्वागतकक्षात दिवसभर पाहुण्यांसमोर उभा राहणारा कर्मचारी, गावच्या देवळात उत्सवाच्या नाटकात दरवर्षी नायक करणारा हौशी नट, यांनी आपल्या रूपाची काळजी केली तर त्यात गुन्हा कोणता? आणि हौस म्हटली, तरी कातडीला ते ठाऊक नसतं. एक मिलिमीटरच्या आसपास व्यासाच्या पंचने, म्हणजे गोल पोकळ पात्याने, डोक्याच्या मागच्या बाजूला दोन-तीन हजार वेळा कातडी भेदायची, पुढे तितक्याच बारीक चिरा द्यायच्या, त्यासाठी डोकं बधिर करायला एकामागून एक इंजेक्शनं टोचायची, याला शस्त्रक्रियेशिवाय दुसरं नाव नाही. उलट ती तातडीची नसल्यामुळे तिच्यात धोका पत्करायला सबबच उरत नाही. अपेंडिक्स फुटलेल्याला रात्री दोन वाजता मिळेल तो सर्जन घ्यावा लागतो. केशरोपण सहा महिने लांबलं तर कोणाचंही काही बिघडत नाही.

‘पदवी नको, हात हवा’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं मात्र इतकं हलकं नाही. त्यांच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या मराठी मुलखातलाच आहे. इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने, कुंभार जातीच्या माणसाने, त्याच्या कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली आणि नवं नाक बसवलं. ही हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने तीच रीत लंडनात वापरली. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या मुळाशी पुण्याचा हा माणूस आहे. त्याच्याकडे कोणत्या विद्यापीठाचा कागद होता? एकही नव्हता. मग आजच कागदाचा आग्रह का?

पण ती हकीकत नीट वाचावी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेण्यापासून कातडी चिकटेपर्यंतचं काम त्या एका माणसाचं होतं. त्याचं नाव पुढे करून आत दुसराच कोणी सुरी चालवत नव्हता. ही विद्या हातातून हातात आलेली होती, आणि नाक कुजलं असतं तर कोणाच्या दारात जायचं हे कावसजीला ठाऊक होतं. शिकलेपण, स्वतःचा हात आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी एकाच ओळखीच्या माणसात होत्या. आज आपण पर्वरीच्या एखाद्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जातो, समोरच्याचं गाव माहीत नसतं, गुरू माहीत नसतो, आधीचे रुग्ण माहीत नसतात. पदवी आणि नोंदणी क्रमांक ही त्या हरवलेल्या ओळखीची जागा भरून काढणारी व्यवस्था आहे. त्या कुंभाराचा दाखला देणाऱ्याने आपल्या क्लिनिकातल्या ‘हात बसलेल्या’ माणसाचं नाव सांगावं, तो कोणाकडे किती वर्षं शिकला ते सांगावं, दोन वर्षांपूर्वीच्या चार रुग्णांशी गाठ घालून द्यावी. मी ऐकायला तयार आहे. हे सांगता येत नसेल, तर त्या थोर कारागिराचं नाव त्याने वापरू नये.

दुसरा भक्कम आक्षेप असा की ‘पात्रता’ हा शब्द पुष्कळदा धंद्याला कुंपण घालायला वापरला जातो. गोव्याला हे बाहेरच्याने शिकवायला नको. १६१८ मध्ये पोर्तुगीज गोव्यात ठराव झाला की राज्याच्या मुख्य वैद्याकडे परीक्षा दिल्याखेरीज कोणी वैद्यकी करायची नाही, आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसच्या वर जाऊ द्यायची नाही. परीक्षेची अट समजू शकते. तीसचा आकडा कशासाठी? आणि तोही अशा राज्यात, जिथले बडे अधिकारी आणि पाद्रीसुद्धा दुखण्याखुपण्यात याच वैद्यांना बोलावत! तेव्हा आज त्वचारोगतज्ज्ञांच्या आणि प्लास्टिक सर्जनांच्या संघटना दंतवैद्यकांविरुद्ध उभ्या राहतात, त्या वेळी ‘हे रुग्णासाठी चाललंय की गल्ल्यासाठी’ असा संशय कोणी घेतला तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. गल्ल्याचा भाग त्यात असणारच. पण १६१८ च्या त्या ठरावात दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या होत्या, आणि त्या सोडवता येतात. परीक्षा माणसाला काय येतं ते विचारते. तीसचा आकडा तो कोणाच्या घरात जन्मला ते विचारतो. नियम जोवर पहिला प्रश्न विचारतो तोवर तो रुग्णाचा आहे.

दंतवैद्यकांचा वाद याच कसोटीला लावू. इथे लोक दोन वेगळ्या माणसांना एका नावाने हाक मारतात. पाच वर्षांचा बीडीएस केलेला दंतवैद्यक एक, आणि त्यापुढे तीन वर्षं तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियांचं एमडीएस केलेला सर्जन दुसरा. दुचाकीच्या अपघातात जबडा फुटलेल्या किती गोमंतकीय तरुणांचे चेहरे या दुसऱ्या माणसाने सांधले आहेत! चेहऱ्याच्या नसा, रक्तवाहिन्या, भूल, टाके यांत तो कच्चा नाही. भारतीय दंत परिषदेने २०२२ च्या अखेरीस त्याला केशरोपण करता येतं अशी भूमिका घेतली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्याच वर्षी काढलेल्या सूचनांत मात्र प्लास्टिक सर्जरी आणि त्वचारोग या विषयांतल्या पदव्युत्तर शिक्षणाचा उल्लेख आहे. दोन सरकारी परिषदा दोन तोंडांनी बोलतात आणि निवाडा रुग्णाने करायचा, हे अन्यायाचं आहे. हा वाद केंद्र सरकारनेच मिटवायला हवा. माझं मत असं की एमडीएस सर्जनला सुरी धरता येते हे मान्य, पण डोक्याच्या कातडीचे आजार ओळखणं हा त्याच्या शिक्षणाचा गाभा नव्हे. म्हणून निदान त्वचारोगतज्ज्ञाकडून झाल्याशिवाय त्याच्या टेबलावर झोपू नये. नुसत्या बीडीएसबद्दल वादच नको. पण या भांडणात एक वाक्य सगळे गाळतात. आयोगाच्या त्याच सूचना म्हणतात की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेलं शिक्षण केशरोपण सुरू करायला पुरेसं नाही. ही ताकीद रीतसर डॉक्टरांनाच दिलेली आहे. भिंतीवर एमडी लटकलेलं आहे म्हणून हातात केशरोपण आहेच असं आयोगसुद्धा मानत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. केशरोपणात कौशल्य म्हणजे केस रोवण्याची सफाई, असा समज सगळीकडे आहे. सफाई लागतेच. पण माणसाचं नुकसान बहुतेकदा त्याच्या आधी झालेलं असतं, शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरवताना. पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी मुठी भरभरून केस जातात. टायफॉइडनंतर, बाळंतपणानंतर, अंगात लोह कमी झालं की, थायरॉइड बिघडलं की असंच होतं. मूळ कारण गेलं की हे केस बहुतेक वेळा आपोआप परत येतात. चाई पडणं वेगळं, त्यावर औषध वेगळं. केसांची मुळंच जाळून मागे व्रण ठेवणारे काही आजार आहेत. ते धुमसत असताना रोपण केलं तर लावलेले केसही जातात. हे सगळं सोडून जे आनुवंशिक टक्कल उरतं, त्यावरसुद्धा पहिला उपाय औषधाचा. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही औषधं अनेक वर्षं वापरात आहेत. त्यांचे दुष्परिणाम आहेत, मर्यादा आहेत, पण रोपण केलेल्यालाही ती बहुधा घ्यावी लागतात, कारण लावलेल्या केसांच्या मधले मूळचे केस गळतच राहतात. यातलं काहीही न तपासता पहिल्याच भेटीत ‘तीन हजार ग्राफ्ट (मुळासकट काढून लावायचे केसांचे बारीक पुंजके) लागतील’ असा आकडा कागदावर लिहून देणारा माणूस डॉक्टर असला तरी त्या क्षणी डॉक्टरकी करत नसतो.

आणि मग हिशेब. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस आनुवंशिक गळतीला सहसा बळी पडत नाहीत, आणि दुसरीकडे लावले तरी तो गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्रिच यांनी १९५९ मध्ये हे मांडलं आणि सगळं केशरोपण त्यावर उभं आहे. भाताच्या लावणीत वाफ्यातला तरवा उपटून शेतात लावतात तसंच हे. फरक इतकाच की तरवा पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतो आणि डोक्याचा हा वाफा जन्मात एकदाच मिळतो. बहुतेकांच्या डोक्यातून उभ्या आयुष्यात सुरक्षितपणे काढता येतात ते साधारण चार ते सहा हजार ग्राफ्ट, आणि एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस. आता टक्कल पूर्ण पसरलं तर ते दोनशे चौरस सेंटिमीटर धरू, आणि डोकं भरल्यासारखं दिसायला दर चौरस सेंटिमीटरला चाळीस ग्राफ्ट धरू. आठ हजार झाले. म्हणजे वाफ्यात आहेत त्याहून जास्त. सगळं डोकं पूर्वीसारखं भरून देतो असं म्हणणाऱ्याला एक तर हे गणित येत नाही, किंवा ते रुग्णाला कळू नये अशी त्याची इच्छा आहे. बावीस वर्षांच्या मुलाला सोळाव्या वर्षीची केसांची रेघ परत हवी असते. ती खाली ओढून दाट भरून दिली तर लग्नाचे फोटो सुंदर येतील. चाळिशीत मागचं टक्कल वाढत गेलं की कपाळावर केसांचा एक पट्टा आणि त्यामागे मोकळं मैदान, आणि तेव्हा वाफा रिकामा. त्या मुलाला ‘थांब, चार-पाच वर्षं औषध घे, गळती कुठवर जाते ते पाहू’ असं सांगणारा सर्जन त्या दिवशी स्वतःचं उत्पन्न बुडवतो. हे करण्याइतका तो मोकळा आहे का, हे पाहणं म्हणजे सर्जन निवडणं.

तो मोकळा नसतो, आणि यात एकट्या माणसाच्या लोभाला दोष देऊन भागत नाही. ग्राफ्टमागे पैसे ठरलेले असतात, म्हणून जास्त उपटण्याकडे कल. पहिली गाठ पडते ती समुपदेशक म्हणवणाऱ्या विक्रेत्याशी, ज्याला महिन्याचं लक्ष्य दिलेलं असतं. यात कायद्याचीही एक विचित्र फट आहे. वैद्यकीय आचारसंहितेचे २००२ चे नियम डॉक्टरला जाहिरात करून रुग्ण ओढायला मनाई करतात. हेतू चांगला आहे. पण त्या नियमांचा धाक डॉक्टरला. ब्रँड चालवणाऱ्या कंपनीला तो कुठे? त्यामुळे हमरस्त्यावर झळकतो तो ब्रँड, आणि ज्याचं नाव रुग्णाला सर्वांत आधी कळायला हवं त्याचं नाव मागे राहतं.

इंग्लंडात १५४० मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात न्हावी आणि शल्यवैद्य यांचा एकच संघ बांधला गेला आणि १७४५ मध्ये दोघे वेगळे झाले. ते वेगळे झाले याचा अर्थ न्हाव्याचं काम हलकं होतं असा नाही. कापलेल्या शरीराची जबाबदारी घ्यायला वेगळं शिक्षण लागतं, हे दोनशे वर्षांच्या अनुभवानंतर पटलं होतं. आपण ती गाठ पुन्हा बांधायला निघालो आहोत. २०१६ मध्ये चेन्नईत केशरोपणानंतर एक तरुण दगावला. ते जिथे झालं त्या जागेकडे परवाना होता केशकर्तनालयाचा. तो मुलगा स्वतः वैद्यकाचा विद्यार्थी होता. डॉक्टर व्हायला निघालेल्यालाही बाहेरून फरक ओळखता आला नाही, तिथे साखळी गावातल्या बँकेच्या कारकुनाकडून आपण कसली अपेक्षा करतो?

भुलेचा भाग इथे थोडा सविस्तर सांगतो, कारण ‘लोकल अॅनेस्थेशियात काय व्हायचंय’ हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची नेहमीची कमाल मात्रा अॅड्रेनलिन मिसळलेलं असताना दर किलो वजनामागे सुमारे ७ मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ४९०. दोन टक्क्यांच्या द्रावणाच्या पंचवीस मिलिलिटरमध्येच ५०० भरतात. शस्त्रक्रिया लांबली, बधिरता उतरली, पुन्हा टोचलं, पुन्हा टोचलं. बेरीज कोण ठेवतो? मात्रा चढली की तोंडाभोवती मुंग्या येतात, कानांत आवाज येतो, मग झटके येतात, पुढे हृदयाची लय बिघडते. त्याआधीच्या दोन-चार मिनिटांत ते ओळखणारा माणूस खोलीत हवा आणि ऑक्सिजन, अॅड्रेनलिन आणि या विषबाधेवर देतात ते लिपिड इमल्शन हाताशी हवं. मुंबईत २०१९ मध्ये एका त्रेचाळीस वर्षांच्या व्यावसायिकाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला, तेव्हा एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त ग्राफ्ट आणि पंधरा तासांचं काम असे तपशील छापून आले होते. अॅलर्जीच्या तीव्र झटक्याचा संशय होता. झटका कोणालाही, उत्तम सर्जनच्या टेबलावरही येऊ शकतो. पण इतकं लांबलेलं काम मध्येच थांबवायचा अधिकार असलेली व्यक्ती त्या खोलीत असायला हवी. तंत्रज्ञाकडे तो अधिकार नसतो.

तंत्रज्ञांविरुद्ध माझं काही नाही. जगातल्या उत्तमोत्तम केंद्रांतही काढलेले ग्राफ्ट सूक्ष्मदर्शकाखाली साफ करणं, ओले-थंड ठेवणं, तयार चिरांत बसवणं ही कामं तेच करतात आणि अनेकदा डॉक्टरपेक्षा सफाईने करतात. डॉक्टरनेच प्रत्येक केस रोवावा हा हट्ट अडाणीपणाचा आहे. केशरोपण सर्जनांची आंतरराष्ट्रीय संस्था जी रेघ ओढते ती मला पटते: तपासणी आणि निदान, केसांच्या रेघेची आखणी, मागून ग्राफ्ट काढणं, पुढे चिरा देणं आणि काही बिघडलं तर सांभाळणं, एवढं परवानाधारक डॉक्टरने स्वतः करायचं. पंच किंचित तिरका गेला तर केसाचं मूळ तुटतं आणि तो केस मागेही नाही, पुढेही नाही. चिरेचा कोन चुकला तर केस आयुष्यभर उभे राहतात. ही दोन कामं डॉक्टरने सकाळी तोंड दाखवून दुसऱ्याकडे सोपवली, तर रुग्णाने सर्जनचे पैसे भरले आणि त्याला सर्जन मिळाला नाही.

मृत्यू दुर्मीळ आहेत, हजारो लोक सुखरूप घरी जातात, हा मुद्दा उरतो. तो खरा आहे, आणि म्हणूनच मृत्यूंवरून सगळा वाद घालणं मला पटत नाही. जे मरत नाहीत त्यांच्या नुकसानीची बातमी होत नाही. उपसून रिकामा केलेला मागचा भाग, खडबडीत कातडी, न उगवलेली रांग, हे लोक टोपी घालून गप्प राहतात. आधीच लपवून केलेल्या गोष्टीची तक्रार कोण करणार? शिवाय या कामाचा निकाल फार उशिरा लागतो. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांतच गळतात, तीन-चार महिन्यांनी नवे डोकावतात, खरं रूप वर्षाने कळतं. आपल्या तारवट्यांचा विचार करा. बोटीवरून सुट्टीवर आलेला मुलगा दोन-तीन महिने घरी असतो, हातात पैसा असतो, पुन्हा जॉइन व्हायच्या आत सगळं उरकायचं असतं. डोकं नीट उगवलं की नाही हे कळायच्या दिवसांत तो भलत्याच समुद्रावर असतो. त्यात डॉक्टर बाहेरगावाहून शनिवार-रविवार येणारा असेल तर दोघांची पुन्हा गाठ पडणार कधी? इस्तंबूलला जाऊन पॅकेजमध्ये करून आलेल्यांचंही तेच. तिथे चांगले सर्जन आहेत, पण डोक्यात पू झाला तर पोर बांबोळीच्या सरकारी इस्पितळातच येणार. म्हणून अशा मुलाला मी सांगेन की पहिल्या सुट्टीत फक्त तपासणी करून घे, औषध सुरू कर, डोक्याचे फोटो काढून ठेव. शस्त्रक्रिया पुढच्या सुट्टीत, आणि तीही त्याच डॉक्टरकडे, ज्याने पहिल्या वेळी तुला घाई केली नाही.

महाग पडेल, गोव्यात असे सर्जन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, नियम कडक केले तर लोक आणखी स्वस्त ठिकाणी जातील, हाही आक्षेप मी मनावर घेतो. त्यातला पैशाचा भाग खरा आहे. पण बिघडलेलं डोकं दुरुस्त करणं पहिल्या वेळेपेक्षा अवघड असतं, आणि वाफाच रिकामा असेल तर ते कोणत्याही किमतीला होत नाही. ज्याला आज परवडत नाही त्याने थांबावं, औषधावर राहावं.

रुग्णाकडे हक्क नाहीत असंही नाही. ते वापरले जात नाहीत. एका पद्धतीचं शिक्षण घेऊन दुसऱ्या पद्धतीची चिकित्सा करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच भोंदू ठरवलं. ते प्रकरण होमिओपॅथने अॅलोपॅथीची औषधं देण्याचं होतं. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे १९९५ मध्ये ठरलं. २००८ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की संमती ज्या शस्त्रक्रियेला दिली तिच्यापुरतीच असते, सरसकट नसते. २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पैशाच्या पावतीवर असलाच पाहिजे, आणि रुग्णाने मागितल्यावर बहात्तर तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. तेव्हा पैसे भरण्याआधी क्रमांक मागा, तो वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत पाहा, आणि संमतिपत्रावर क्लिनिकच्या नावाखाली ‘ग्राफ्ट कोण काढणार, चिरा कोण देणार’ हे नावानिशी लिहून घ्या. ‘आमची टीम’ हे उत्तर मान्य करू नका.

पण सगळा भार रुग्णावर टाकून राज्याला मोकळं होता येणार नाही. १८४२ मध्ये जिथे एश्कोला मेडिका या पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय विद्यालयाची स्थापना झाली, त्या गोव्यात शिकलेला डॉक्टर कोण आणि न शिकलेला कोण हे लोकांनी अंदाजाने ओळखावं? गोवा वैद्यक परिषदेला तीन गोष्टी करता येतील. राज्यात केशरोपण करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरची पदवी, त्याने हे काम कुठे शिकलं आणि तो कोणत्या जागी करतो, याची यादी मराठीत, कोकणीत आणि इंग्रजीत खुली ठेवावी. बाहेरून येऊन शस्त्रक्रिया करणाऱ्याने आपल्या मागे रुग्ण पाहणारा इथला डॉक्टर नावानिशी नेमल्याशिवाय त्याला काम करू देऊ नये. आणि आरोग्य खात्याच्या मदतीने, जाहिरात कंपनीची असली तरी तिच्यात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि क्रमांक सक्तीचा करावा. शेवटच्या गोष्टीला कायदा बदलावा लागेल, वेळ लागेल. पहिलीला लागणार नाही. राज्यात नीट काम करणारे जे सर्जन आहेत त्यांनी तर परिषदेची वाटही पाहू नये. आपल्या क्लिनिकात कोणती पायरी कोण करतं हे त्यांनी उद्याच दारावर लिहून लावावं, म्हणजे जिथे असं लिहिलेलं नाही तिथे ते का नाही, हे विचारायची सोय रुग्णाला मिळेल.